चांदीवरचे नाव

लग्नसराईच्या तोंडावर आम्ही बेळगुंदीहून बेळगावास एका सराफाच्या पेढीवर गेलो होतो. आमच्याबरोबर दोन वस्तू होत्या. एक, आमच्या आजीच्या पायांतले चांदीचे तोडे. आणि दुसरी, एका स्नेह्यांच्या कन्येने डेन्मार्कहून आणलेला चांदीचा लहानसा ब्रूच. तोडे मोडून त्यांचे नातीसाठी पैंजण करावे, असे घरात ठरले होते. ब्रूच मात्र केवळ कौतुकाने दाखवावयास नेला होता. सराफाने तोडे काट्यावर घातले, एके ठिकाणी किंचित घासून टंच पाहिला, घट किती धरावी लागेल ते सांगितले आणि उरलेल्या चांदीचा भाव केला. मग त्याने ब्रूचही काट्यावर ठेवला. पानांच्या वेलांटीत बसलेला एक पक्षी, एवढेच त्याचे रूप. वजन जेमतेम दीड तोळा. त्याची कोपनहेगनमधील किंमत आम्ही सांगितली तेव्हा सराफ हसला. ब्रूच उलटा करून मागच्या बाजूस उमटविलेले बारीक शिक्के त्याने भिंगातून पाहिले आणि तो म्हणाला, "हे चांदीचे पैसे नव्हेत. हे नावाचे पैसे आहेत."

सराफाचे हे वाक्य आमच्या मनातून जाईना. ते खरे आहे, आणि तरीही त्यात कोठे तरी अन्याय आहे, असे आम्हांस वाटत राहिले. चांदीच्या त्या चिमुकल्या वस्तूवर ज्याचे नाव आहे तो गेऑर्ग येन्सेन (इंग्रजी वळणाने वाचणारे त्यास जॉर्ज जेन्सन म्हणतील) हा कोण होता, त्याचे नाव चांदीवर कसे चढले, आणि आमच्या आजीच्या तोड्यांवर कोणाचेच नाव का नव्हते, ह्या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. पहिल्या दोहोंची उत्तरे इतिहासात सापडतात. तिसऱ्याचे उत्तर आपणांस आपल्याच घरात शोधावे लागेल.

येन्सेनचा जन्म ३१ ऑगस्ट १८६६ रोजी कोपनहेगनच्या उत्तरेस रोडव्हाड ह्या गावी झाला. गाव लहान, पण तेथे चाकूसुऱ्यांचा कारखाना होता आणि येन्सेनचा बाप त्या कारखान्यात धार लावण्याचे काम करी. म्हणजे धातू, सहाण आणि ठिणग्या ह्यांच्या सान्निध्यातच ह्या मुलाचे बाळपण गेले. पुढे कुटुंब कोपनहेगनला आले आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो एका सोनाराच्या हाताखाली उमेदवारीस लागला. १८८४ मध्ये त्याची उमेदवारी संपली. येथवरची कथा आपल्याकडील कोणत्याही सोनाराच्या मुलाची असावी तशीच आहे. फरक पडतो तो पुढे. त्या तरुणाच्या मनात सोनार व्हावयाचे नव्हते. त्याला शिल्पकार व्हावयाचे होते. डेन्मार्कच्या राजकीय कला अकादमीत त्यास प्रवेश मिळाला आणि १८९२ साली तो तेथून शिल्पकलेचे शिक्षण पुरे करून बाहेर पडला.

परंतु शिल्पकलेने त्याचे पोट भरले नाही. पुतळे प्रदर्शनात मांडले जात, त्यांची वाखाणणी होई, आणि ते परत कार्यशाळेत येत. १८९७ साली त्याची पहिली पत्नी वारली आणि दोन लहान मुलगे त्याच्या पदरात राहिले. मग चिनी मातीच्या कारखान्यात नमुने करणे, एका मित्राबरोबर स्वतःची लहानशी कुंभारशाळा चालविणे, असे उद्योग त्याने केले. ह्या कुंभारशाळेच्या एका घटाची १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात प्रशंसाही झाली. विक्री मात्र बेतास बात राहिली. अकादमीच्या शिष्यवृत्तीवर त्याने फ्रान्स आणि इटली हे देश पाहिले. तेथे एक गोष्ट त्याच्या ध्यानी आली असावी, असे त्याच्या पुढील कामावरून वाटते. इटलीतील प्रबोधनकाळचे कित्येक थोर शिल्पकार आधी सोनाराच्या दुकानात शिकलेले होते, आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती. परत आल्यावर येन्सेन मोगेन्स बालिन ह्या चित्रकाराच्या धातुकामाच्या कार्यशाळेत रुजू झाला. आणि १९ एप्रिल १९०४ रोजी, सदतिसाव्या वर्षी, त्याने कोपनहेगनच्या ब्रेडगाडे ह्या रस्त्यावर ३६ क्रमांकाच्या घरात स्वतःची लहानशी कार्यशाळा उघडली. बापाच्या इच्छेने शिकलेली आणि स्वतःच्या इच्छेने टाकून दिलेली कला शेवटी त्याच्या कामी आली. पण ती आता शिल्पकाराच्या हाताने येत होती, हे विसरता कामा नये.

त्या काळाची हवा कशी होती हेही थोडे पाहिले पाहिजे. इंग्लंडात रस्किन आणि मॉरिस ह्यांनी यंत्राने केलेल्या मालाविरुद्ध आवाज उठविला होता. हाताने काम करणारा माणूस हा कलावंतच होय, आणि त्याच्या हाताची खूण वस्तूवर राहिली तर तो दोष नसून गुण आहे, असे ते सांगत. ॲशबी ह्या वास्तुशिल्पज्ञाने १८८८ साली लंडनमध्ये कारागिरांचा एक संघ स्थापून चांदीची भांडी हातोडीने घडविली. पण धंद्याच्या चढाओढीत तो संघ १९०७-०८ च्या सुमारास बुडाला. लिबर्टी ह्या लंडनच्या प्रसिद्ध दुकानाने तीच धाटणी उचलली, यंत्राचे साहाय्य घेतले, आणि भरपूर विक्री केली. त्या मालासाठी उत्तमोत्तम नमुने काढणारा आर्चिबाल्ड नॉक्स हा खरोखर प्रतिभावान माणूस होता. परंतु नमुना कोणी काढला हे ग्राहकास सांगावयाचे नाही, असा त्या दुकानाचा दंडक होता. वस्तूवर दुकानाचे नाव असे, नॉक्सचे नसे. डेन्मार्कमध्ये ह्या नव्या कलेस 'स्कोनविर्के', म्हणजे सुंदर काम, असे साधे नाव पडले होते. येन्सेनची कार्यशाळा ही ह्या सुंदर कामाच्या मंडळींपैकीच एक होती. पहिल्याच वर्षी कोपनहेगनच्या कलावस्तूंच्या संग्रहालयात त्याचे दागिने मांडले गेले.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. येन्सेनजवळ भांडवल नव्हते, म्हणून सोने आणि हिरे त्याच्या आवाक्याबाहेर होते. त्याने चांदी घेतली, आणि तिच्यात तृणमणी, मालाकाइट, चंद्रकांत अशी स्वस्त रत्ने बसविली. ग्राहकही तसेच: शिक्षक, डॉक्टर, त्यांच्या बायका. ही गरिबी त्याच्या पथ्यावर पडली. ज्या खड्याची किंमत थोडी, तो खडा मोठा घेता येतो आणि केवळ रंगासाठी वापरता येतो. तो दाखवावयाचा नसतो, शोभवावयाचा असतो. त्याच्या आरंभीच्या ब्रूचमध्ये तृणमण्याचा पिवळा थेंब पानांच्या घोसातून असा खाली येतो की, हे पान आणि हे फळ एकाच देठाचे आहे असे वाटावे. रत्न आणि कोंदण ह्यांचे दोन वेगळे हिशेब तेथे उरत नाहीत.

दुसरा गुण पृष्ठभागाचा. चांदी घासून आरशासारखी लख्ख करणे हा सर्वत्र सराफांचा आवडता परिपाठ आहे. येन्सेनने हातोडीचे बारीक ठोके पृष्ठभागावर तसेच राहू दिले; नंतर वस्तू गंधकाच्या द्रावणाने काळवून तिचे उंचवटे पुन्हा पुसून काढले. त्यामुळे खाचांत सावली राहिली आणि कडांवर प्रकाश आला. आपल्या वाचकांस ह्याची कल्पना सहज यावी. देव्हाऱ्यातील जुने टाक रांगोळीने उजळताना खंडोबाच्या घोड्याच्या पायांखाली, देवीच्या नथीजवळ, थोडा काळसरपणा राहूनच जातो, आणि तो राहतो म्हणूनच ते रूप आपणांस ओळखीचे वाटते. नवा टाक लख्ख असतो, पण त्याचा चेहरा पिढ्यापिढ्यांच्या पूजेने घडावा लागतो. येन्सेनने ह्या काळाच्या कामाची नक्कल केली, असे कोणी म्हणेल. आमच्या मते ती नक्कल नव्हे. ज्यास मूर्ती घडविण्याची दृष्टी आहे, तो छाया सोडून देऊ शकत नाही, एवढाच तिचा अर्थ आहे.

तिसरा गुण सर्वांत महत्त्वाचा. येन्सेन अलंकरण कोठे करावे आणि कोठे करू नये, हे जाणत होता. १९०५ सालची त्याची मॅग्नोलियाच्या कळीची चहादाणी पाहावी. तिचे पोट गोल, गुळगुळीत आणि जवळजवळ रिकामे आहे. कळी उमलते ती झाकणाच्या शेंड्यावर, बोटांनी जेथे धरावयाचे तेथे. पाने येतात ती पायांशी आणि मुठीच्या सांध्याशी. म्हणजे जेथे एक भाग दुसऱ्यास मिळतो, तेथेच फुलाचे काम. झाडालाही फूट फुटते ती पेऱ्यावर, बुंध्याच्या मधोमध नव्हे. आपल्याकडे इंग्रजी अमदानीत पुण्याला आणि कच्छात साहेबांसाठी जी चांदीची चहादाणी, तबके इत्यादी तयार होत, त्यांची कारागिरी थक्क करणारी आहे, ह्यात शंका नाही. पण कोपराएवढी जागाही मोकळी सोडावयाची नाही, अशा ईर्ष्येने त्यांवर वेलबुट्टी आणि देवादिकांच्या मूर्ती ठोकलेल्या असतात. डोळ्यास विसावा मिळत नाही. येन्सेनने दिलेला हा विसावा हीच त्याची खरी मिळकत होय.

पण स्तुतीबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. द्राक्षाच्या घडांचा त्याचा प्रसिद्ध साज, ज्यातील उंच दांड्याचे फलपात्र १९१८ सालचे आहे, तो लोकांस अतिशय आवडला. आणि आवडला म्हणून तो पुनःपुन्हा निघत राहिला. घडामागून घड लोंबू लागले. जे सांध्यावर होते ते दागिन्यासारखे टांगले गेले. हातोडीच्या ठोक्यांचेही तसेच. कारागिराच्या हाताची सहज खूण जेव्हा मालाची ओळख होते, तेव्हा ती खूण राहत नाही, ते चिन्ह होते. आणि चिन्ह काय, ते मुद्दामही उमटविता येते. येन्सेनच्या घरातील सर्वांत शुद्ध वस्तू येन्सेनची नव्हेच, असे आमचे मत आहे. योहान रोहडे ह्या चित्रकाराने १९२० साली काढलेला पाण्याचा घट पाहावा. त्यावर पान नाही, फूल नाही, ठोके नाहीत. नुसती एक रेषा पोटातून वर जाते आणि ओठाशी वळते. तो घट काळाच्या पुढे आहे, लोकांस रुचणार नाही, अशा भीतीने तो १९२५ पर्यंत बाजारात आणलाच नाही, असे सांगतात.

रोहडेच्या नावापाशी आपण मूळ प्रश्नाकडे येतो. रोहडे येन्सेनपेक्षा दहा वर्षांनी वडील. स्वतःच्या घरासाठी काही चांदीची भांडी घडवून घ्यावी, म्हणून तो नमुने घेऊन कार्यशाळेत आला आणि मग तेथलाच झाला. १९१५ साली त्याने काढलेला ओकफळाच्या नक्षीचा काटेचमच्यांचा साज आजही विकला जातो. तो आजही रोहडेच्याच नावाने ओळखला जातो, ही गोष्ट आम्हांस त्या साजाहून मोठी वाटते. लिबर्टीने नॉक्सला लपविले; येन्सेनने रोहडेला पुढे केले. त्याच्या घराचा तो पायंडाच पडला. स्वीडनचा राजपुत्र सिग्वार्ड बर्नाडोट १९३० मध्ये आला, त्याने फुलापानांना रजा देऊन सरळ रेघा आणल्या, त्या बर्नाडोटच्या नावाने. महायुद्धात स्वीडनमध्ये आश्रय घ्यावा लागलेला ज्यू शिल्पकार हेनिंग कॉपेल १९४५ नंतर आला. १९५४ साली त्याने माशासाठी झाकणाचे एक लांबट पात्र केले, ज्याचे झाकण पाहताच पाण्यातून वळलेल्या माशाची पाठ आठवते. ते कॉपेलच्या नावाने. मालमो येथे १९२७ साली जन्मलेली विवियाना टोरून ही स्वीडिश बाई १९६७ पासून ह्या घरासाठी काम करू लागली. ती ओढ्यातील गोटे चांदीत गुंफीत असे, आणि संपत्तीच्या प्रदर्शनाचा तिला मनापासून तिटकारा होता. तिच्या १९६२ सालच्या मनगटी घड्याळाच्या तबकडीवर आकडे नाहीत. तेथे आरसा आहे, आणि वेळ पाहू जाणाऱ्यास स्वतःचेच तोंड दिसते. तेही विवियानाच्याच नावाने ओळखले जाते. एका छपराखाली इतक्या परस्परविरोधी प्रकृतींची माणसे आपापल्या नावानिशी नांदली, हे येन्सेनच्या कर्तृत्वाचे सार होय. फुलांचे नमुने जुने होतात. ही रीत जुनी झालेली नाही.

मात्र नावाची ही गोष्ट येथेच संपवली तर ती अर्धसत्य होईल. येन्सेनचे नाव वाढत गेले. १९०९ मध्ये बर्लिनला दुकान निघाले. १९१५ साली सॅनफ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात अमेरिकेतील वृत्तपत्रांचा धनी विल्यम रँडॉल्फ हर्स्ट ह्याने त्याचा मांडलेला जवळजवळ सर्व माल खरेदी केला. १९२१ मध्ये लंडन आणि १९२४ मध्ये न्यूयॉर्क येथे दुकाने झाली. परंतु नाव वाढले तसे घर वाढले, घर वाढले तसे भांडवल लागले, आणि भांडवल आले तसे धनी बदलले. पहिल्या महायुद्धाच्या काळातच कार्यशाळेची कंपनी झाली होती. युद्धानंतरच्या मंदीत ती अडचणीत आली तेव्हा ज्यांनी पैसा ओतला त्यांच्या हाती सूत्रे गेली. येन्सेन स्वतःच्याच घरात कलाविषयक सल्लागार होऊन राहिला. काही काळ तो पॅरिसला जाऊन वेगळे काम उभारण्याची धडपड करून परत आला. २ ऑक्टोबर १९३५ रोजी तो वारला, तेव्हा जगातील मोठमोठ्या शहरांत त्याच्या नावाच्या पाट्या होत्या, आणि त्या पाट्यांखालचे दुकान त्याचे नव्हते.

पुढे ते नाव हातोहात फिरले. १९८५ मध्ये ते कोपनहेगनच्या राजकीय चिनी मातीच्या कारखान्याशी जोडले गेले. मग गुंतवणूक करणाऱ्या कंपन्यांकडे गेले. आणि २०२३ साली फिनलंडच्या फिस्कार्स ह्या कंपनीने ते विकत घेतले. ही कंपनी १६४९ साली निघालेल्या एका लोखंडाच्या भट्टीतून वाढलेली, आणि नारिंगी मुठीच्या कात्र्यांसाठी घरोघर ठाऊक असलेली. चाकूला धार लावणाऱ्याच्या मुलाचे नाव शेवटी कात्र्या करणाऱ्यांकडे गेले, हा योगायोग कोणास गमतीचा वाटेल. आम्हांस त्यात एक धडा दिसतो. नाव ही मालमत्ता आहे. आणि जी मालमत्ता आहे ती गहाण पडू शकते, विकली जाऊ शकते. आमच्या सराफाने 'नावाचे पैसे' म्हटले तेव्हा ते पैसे आज कोणाच्या खिशात जातात, हे त्याने विचारले नव्हते. ते विचारणे त्याचे काम नव्हते. ते आमचे काम आहे.

आता आपल्या दारी येऊ. बेळगुंदी हे गाव अशा जागी आहे की, पश्चिमेस सह्याद्री ओलांडला की गोवा लागतो, आणि उत्तरेस निपाणी मागे टाकून सीमेपलीकडे गेले की हुपरी. ह्या दोन्ही ठिकाणची चांदी येन्सेनच्या चांदीशेजारी ठेवून पाहण्याजोगी आहे.

जुन्या गोव्यातील बों जेझुस बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियरचे शरीर ज्या रौप्यपेटिकेत आहे, ती १६३६-३७ मध्ये गोव्याच्या चांदीकारांनी घडविली. मार्चेल्लो मास्त्रिल्ली ह्या इटालियन जेझुइट पाद्र्याच्या पुढाकाराने ते काम झाले. पेटिकेच्या बाजूंवर संताच्या चरित्रातील बत्तीस प्रसंग चांदीच्या पत्र्यावर उठविलेले आहेत. आराखड्यात इटलीचा मोठा वाटा असेल. पण पत्रा उठविणारा हात येथला आहे, आणि त्या हाताने देवळातील प्रभावळी आणि पालख्या घडविलेल्या असल्या पाहिजेत, हे पाहणाऱ्यास सांगावे लागत नाही. ह्या पेटिकेखाली संगमरवराचा एक भव्य चौथरा आहे. तो तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने देणगी म्हणून दिला, फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी ह्याने तो घडविला, आणि १६९८ मध्ये तो येथे उभारला गेला. आता वाचकांनीच पाहावे. संगमरवराच्या देणाऱ्याचे नाव ठाऊक आहे, घडविणाऱ्याचे नाव ठाऊक आहे. चांदीच्या पेटिकेसाठी झटलेल्या पाद्र्याचे नाव ठाऊक आहे. चांदी घडविणाऱ्यांविषयी मात्र प्रत्येक मार्गदर्शिका एवढेच सांगते: 'गोव्याचे चांदीकार'. खालच्या दगडास नाव आहे आणि वरच्या चांदीस नाही. ज्या गोव्यात सोनारास 'शेट' अशी आदराने हाक मारतात, तेथली ही गोष्ट.

हुपरीची गोष्ट आजची आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यात हे गाव येते. 'चंदेरी नगरी' ह्या नावानेच ते ओळखले जाते. तेथे चांदी आटवून तिची लगड होते, लगडीची तार जंतरातून ओढली जाते, तारेच्या कड्या होतात, कड्या गुंफल्या जातात, डाक देऊन झाळल्या जातात, घुंगरू लागतात, उजाळा मिळतो. ही कामे एका छपराखाली होत नाहीत. घराघरांत वाटलेली असतात, आणि गुंफण्याजोडण्याच्या कामात स्त्रियांचा हात मोठा असतो. तेथले पैंजण भारतभर जातात. ते कोणी केले? पैंजण घेणारीस ठाऊक नाही. विकणाऱ्या दुकानदारास एखाद्या व्यापाऱ्याचे नाव ठाऊक असते, त्या व्यापाऱ्यास कारागिराचे. आणि कारागिराच्या घरात कडी गुंफणारीचे नाव त्या घराबाहेर जातच नाही. मोल ठरते ते टंच आणि वजन ह्यांवर. घडणावळ म्हणून जे दिले जाते ते हाताच्या श्रमाचे असते, डोळ्याच्या कल्पनेचे नसते. एखाद्याने पैंजणाची नवी वीण काढली, तर ती महिन्याभरात सर्वांची होते. नक्कल करणाऱ्यास शिक्षा नाही, तशी काढणाऱ्यास शाबासकीही नाही.

ह्यावर एक उत्तर नेहमी दिले जाते, आणि ते देणारे पुष्कळदा विद्वान असतात. आपली परंपराच निरहंकारी आहे, कारागिराने स्वतःचे नाव पुसून टाकावे हीच आपली संस्कृती, असे ते म्हणतात. हे उत्तर आम्हांस मान्य नाही. पहिले असे की, ते खरे नाही. आमच्याच कर्नाटकात, होयसळांच्या बाराव्या-तेराव्या शतकांतील देवळांत, मूर्तींखाली शिल्पकारांनी आपली नावे कोरली आहेत. दासोज, चावण, मल्लितम्म ही नावे आजही वाचता येतात. निरहंकार हा जर आपला स्वभाव असेल, तर त्या मंडळींस तो कोणी शिकवला नव्हता काय? दुसरे असे की, आपण नावे पुसणारे लोक मुळीच नव्हे. आपल्या घरांतील भांडी पाहावीत. तांब्याच्या घागरीपासून चांदीच्या वाटीपर्यंत प्रत्येकावर नाव आहे: अमक्याकडून तमक्यास, लग्नानिमित्त सप्रेम भेट, तारीख. बाजारात भांडे घेतले की, दुकानाच्या पायरीवर बसलेला माणूस ते नाव घालून देतो. देणाऱ्याचे नाव असते, घेणाऱ्याचे असते. देवळात एक पंखा दिला तर त्याच्या पात्यांवर दात्याचे नाव फिरत असते. केवळ ज्याने वस्तू घडविली त्याचे, आणि ज्याने ही सगळी नावे घातली त्याचे, नाव तेवढे कोठे नसते. ह्यास निरहंकार म्हणावयाचे असेल तर तो अहंकार कारागिराच्या वाट्याचा आहे, आणि तो आपण सर्वांनी मिळून त्याच्याकडून काढून घेतला आहे.

न्यायाने एवढे सांगितले पाहिजे की, येन्सेनच्या घरातही हा हिशेब पुरा चुकता झाला नाही. जगास रोहडे ठाऊक झाला, कॉपेल ठाऊक झाला. पण कॉपेलचा तो मासा सपाट पत्र्यातून ठोकून ठोकून वर आणणारे चांदीकार कोण होते, हे त्यांच्या गावाबाहेर कितीशांस ठाऊक आहे? कागदावर रेघ ओढणाऱ्याचे नाव झाले, हातोडी मारणाऱ्याचे झाले नाही. ज्या माणसाने स्वतः दोन्ही केले होते, त्याच्या घरात हे व्हावे, ह्यात थोडी विसंगती आहेच. तथापि आरंभ झाला. एक पायरी चढली गेली. आपण अजून पहिल्याच पायरीखाली उभे आहोत.

हुपरीने उद्या येन्सेनसारखी कंपनी काढावी, असे आमचे म्हणणे नाही. कंपनीचे पुढे काय होते ते वर सांगितले आहे. आमचे म्हणणे फार लहान आहे. शुद्धतेचा शिक्का आता दागिन्यावर उमटू लागला आहे. चांदी किती शुद्ध, हे तो सांगतो. त्याच्या शेजारी एखाद्या तिळाएवढी जागा घडविणाऱ्यासाठी ठेवावी. पावतीवर टंच, वजन आणि घडणावळ ह्यांच्या खाली आणखी एक ओळ असावी. नव्या विणीस तिच्या काढणाऱ्याचे नाव पडावे. पुतळ्या, ठुशी, मोहनमाळ अशी रूपांची नावे आपल्याला सुचतात, तर माणसांची का सुचू नयेत? आणि टीकाकारांनी, ज्यांत आम्ही स्वतःस धरतो, चित्रावर आणि कवितेवर जितकी शाई खर्च केली, तिच्यातला एक थेंब पैंजणाच्या फाशावर खर्च करावा. ज्या वस्तूविषयी कोणी लिहीत नाही, तिच्या कर्त्याचे नाव कोण विचारणार?

तोड्यांचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. ते आम्ही मोडले नाहीत. सराफाच्या भिंगाखाली ते उलटेसुलटे करून पाहिले. फाशाच्या आतल्या अंगास कानशीच्या चार तिरप्या रेघा होत्या, बोटास टोचू नये म्हणून कोणी तरी काळजीने ओढलेल्या. बाकी काही नव्हते. नातीचे पैंजण नव्या चांदीचे करावयास दिले. ते घेण्यास गेलो तेव्हा कारागीर स्वतः भेटला. पैंजणावर नाव घालून द्या, असे आम्ही त्यास म्हटले. त्याने सवयीने विचारले, "मुलीचे घालू, की देणाऱ्याचे?" आम्ही म्हटले, "तुमचे." त्यास ते पुन्हा सांगावे लागले. मग बराच वेळ तो पैंजण हातात धरून बसला. आणि फाशाच्या आतल्या बाजूस, जेथे सहसा कोणाची नजर जाणार नाही तेथे, त्याने आपल्या नावाचे पहिले अक्षर घातले. पुढची अक्षरे घालावयास त्याचा हात धजला नाही.